स्वभावाचा दाखला

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण किती सहज म्हणून जातो! सासू सुनेबद्दल म्हणते, सून सासूबद्दल म्हणते. हेडमास्तर शिपायाबद्दल म्हणतात आणि शिपाई हेडमास्तरांबद्दल. मी चौतीस वर्षे शिरूर तालुक्यात मास्तरकी केली. म्हणी आणि त्यांचा वाक्यात उपयोग हा माझा हातखंडा विषय. पण गेली आठ-नऊ वर्षे ही एक म्हण आमच्या घरात कोणी उच्चारीत नाही. दौंडच्या अक्कापुढे तर नाहीच नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या एकुलत्या एका मुलाचे जे निदान डॉक्टरांनी केले, ते साध्या मराठीत सांगायचे तर एवढेच होते, की या मुलाचा स्वभावच आजारी आहे. पायाचे हाड मोडले तर एक्स-रे काढता येतो. स्वभाव मोडला तर तो कोणाला दाखवायचा, आणि ‘होय, मोडला आहे’ असा शिक्क्याचा कागद कोणाकडून आणायचा? त्या कागदापायी शिरूर, दौंड आणि पुणे अशा ज्या येरझारा मी घातल्या, त्यांची ही हकिकत. दिवाळी अंकात वाचकांना चार घटका करमणूक हवी असते हे मी जाणून आहे. आणि हसण्यासारखे यात अगदीच काही नाही असेही नाही.

मी शिरूरचा. जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजी अमलात इथे लष्कराची छावणी होती. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला गेलेली पलटण इथूनच निघाली होती. आता छावणी गेली आणि पुण्याच्या वाटेवर रांजणगावला, गणपतीच्या शेजारी, कारखान्यांची वसाहत उभी राहिली. अक्काचे सासर दौंडचे, भीमेच्या काठचे. दौंड म्हणजे रेल्वे. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांना रूळ फुटलेले. तिथल्या बायका कुकरच्या शिट्ट्या मोजतात की गाडीच्या, असा प्रश्न पडावा. आमचे दाजी तिथेच गार्ड होते. हिरव्या निशाणाचा माणूस. घरात कधी लाल दाखवले नाही. २०१४ साली गेले. तेव्हापासून अक्काला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यावर मायलेकांचे चालते.

भाच्याचे नाव देत नाही. दौंड काही मुंबई नव्हे. मुलगा हुशार. बिघडलेल्या पंपाचा नुसता आवाज ऐकून त्याचे दुखणे सांगतो. डिप्लोमा झाल्यावर २०११ मध्ये तो रांजणगावच्या एका कारखान्यात लागला आणि आमच्याकडे शिरूरला राहायला आला. आठव्याच दिवशी त्याने बरोबरच्या एका मुलाला जेवायला आणले. ‘मामी, असा माणूस होणे नाही!’ सौ.ने पुरणपोळ्या केल्या. सहाव्या आठवड्यात तोच माणूस जगातला सर्वांत नीच ठरला. झाले काय होते? तर चहाला जाताना त्याने याला हाक मारली नव्हती. त्यावरून भांडण, भांडणावरून राजीनामा, आणि राजीनाम्यानंतर चार दिवस खोलीचे दार बंद. पाचव्या दिवशी बाहेर आला, मामीच्या पायांवर डोके ठेवून ढसढसा रडला आणि त्या मित्राची क्षमा मागायला भर उन्हात रांजणगावपर्यंत पायी गेला.

त्याच्या जगात मधला रंगच नाही. माणूस एक तर देव, नाही तर राक्षस. आणि या दोहोंच्या मध्ये फक्त एखादा न उचललेला फोन. नोकऱ्या लागत, कारण कामात हात धरणारा कोणी नव्हता. आणि सुटत, कारण माणसांत टिकणे त्याला जमत नव्हते. वैशाखातसुद्धा तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घाली. ते कशासाठी, हे घरात सर्वांआधी सौ.ने ओळखले आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावला.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणाले लाडावलेला आहे, कोणी म्हणाले लग्न करून द्या म्हणजे ताळ्यावर येईल. (कोणाच्या तरी मुलीला औषधाची बाटली समजण्याची ही आपली रीत कधी जायची कोण जाणे!) एका नातेवाइकाने अक्काला एका देवस्थानी तीन अमावास्या नेले. शेवटी २०१६ मध्ये पुण्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी दोन महिने नीट ऐकून घेतले आणि निदान लिहिले: भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व विकार, सीमारेषेवरचा प्रकार.

ही सीमारेषा कशाची, ते मी मास्तरकीच्या सवयीने शोधून काढले. १९३८ साली अमेरिकेत अडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकाला काही रोगी असे आढळले, की त्या काळच्या दोन मोठ्या कप्प्यांपैकी कुठल्याच कप्प्यात ते बसेनात; त्यांना त्याने सीमारेषेवरचे म्हटले. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात त्याचा क्रमांक एफ ६०.३. आणि आपली म्हण खोटी पाडणारी गोष्ट अशी, की त्यावर उपाय आहे. मार्शा लिनेहान या अमेरिकन विदुषीने भावना आवरण्याची एक रीतसर शिकवणीच तयार केली. आपण स्वतः तरुणपणी अशाच यातनांतून गेलो होतो, हे तिने २०११ साली जाहीरपणे सांगितले. मला ही बाई फार आवडली. मात्र शिकवणी पुण्यात, दर आठवड्याला. दौंडहून पाऊणशे किलोमीटर, आणि फी अशी की पेन्शनला धाप लागावी. भाचा काही महिने गेला, बंद पडला, पुन्हा गेला. फरक पडला, पण नोकरी टिकण्याइतका नाही.

अक्काने सत्तरी ओलांडली आणि तिच्या बोलण्यात एकच वाक्य येऊ लागले. ‘माझ्यामागं याचं काय रे?’ फोनवर तेच, भाऊबिजेच्या ताटापुढे तेच.

उत्तर दाजींच्या बरोबरीच्या एका निवृत्त गार्डाने दिले. रेल्वेच्या, तसेच केंद्र सरकारच्या इतर नोकरांच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत अशी तरतूद आहे, की मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पण मनाच्या किंवा शरीराच्या विकारामुळे तो स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसेल, तर पंचविशीनंतरही ते आयुष्यभर चालू राहते. आईच्या हयातीतच त्याचे नाव कागदोपत्री चढवून ठेवता येते. माझी खात्री आहे, हे वाचणाऱ्या घरांपैकी काही घरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल आणि ही तरतूद त्यांच्या कानांवर आलेली नसेल. निवृत्त होताना माणसाला हार, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळते. हे कोणी सांगत नाही.

बाकीच्या सवलती आम्ही चाचपून पाहिल्या, त्या थोडक्यात सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना २०२५ च्या ऑक्टोबरपासून दरमहा २,५०० रुपये ठरले आहेत. पण कुटुंबाची वार्षिक मिळकत ५० हजारांच्या आत हवी आणि अक्काचे निवृत्तिवेतन त्याच्या वर जाते. रेल्वेच्या सवलतीची चौकशी केली, तर दिव्यांगांच्या यादीत अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद एवढ्यांचीच नावे. मानसिक आजाराचे नाही. गार्डाचा मुलगा पूर्ण तिकीट काढूनच उपचाराला जायचा. सांगायचे तात्पर्य, सारी मदार त्या निवृत्तिवेतनावर, आणि निवृत्तिवेतनाची मदार दाखल्यावर.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. मानसिक आजार दोन्हींत आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले तर बहुतेक लाभ मिळतात. २०२१ पासून दाखल्याचा अर्ज ऑनलाइनच करावा लागतो. आम्ही २०२२ मध्ये केला आणि तारीख मिळाल्यावर एका सरकारी रुग्णालयात गेलो.

आता हसण्यासारखा भाग. त्या दिवशी भाच्याची तब्येत उत्तम. नवी माणसे भेटली, की पहिला आठवडा तो नेहमीच उत्तम असतो. डॉक्टरांना त्याने वाकून नमस्कार केला, शुद्ध मराठीत बोलला, आणि खोलीतला पंखा कुरकुरतोय म्हणून स्टुलावर चढून तो दुरुस्तही करून दिला! डॉक्टर प्रसन्न. म्हणाले, ‘याला काय झालंय? चांगला धडधाकट, शिकलेला मुलगा आहे. आणि व्यक्तिमत्त्व विकार आमच्या यादीत नाही. स्वभाव आहे तो. समजूत घाला.’ झाले. एका पंख्यापायी आमचा दाखला वाऱ्यावर गेला. परतीच्या गाडीत अक्का एक शब्द बोलली नाही. उरुळी गेल्यावर भाचा म्हणाला, ‘आई, मी नापास झालो का गं?’

माझा एक चुलत पुतण्या अमेरिकेत असतो. त्याला फोनवर हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, तिकडच्या सोशल सिक्युरिटीच्या यादीत व्यक्तिमत्त्व विकारांना स्वतंत्र कलमच आहे, १२.०८, आणि अशा दाव्यांचे वकील टीव्हीवर जाहिराती करतात. फी आधी नाही; जिंकल्यावर थकबाकीतून चौथाईपर्यंत घ्यायची, तीही सरकारने घातलेल्या मर्यादेत. चौथाई हा शब्द ऐकून माझ्यातला इतिहासाचा मास्तर सुखावला. पण आपल्याकडे वकील मिळायला चौथाईही लागत नाही, हे मला पुढच्याच महिन्यात कळायचे होते.

दौंडच्या न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचा फलक आहे. शिरूरलाही आहे, प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात असतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात ज्यांना मोफत वकील मिळतो त्यांची यादी आहे. त्यात दिव्यांग व्यक्ती आहेत. मी फलकापुढे उभा राहून विचार करू लागलो: दिव्यांग म्हणून वकील मागावा तर दाखला हवा, आणि दाखला मिळवण्यासाठी तर वकील हवा! ही अडचण मी तिथल्या वकीलबाईंना बोलून दाखवली. तिशीच्या आतबाहेरच्या, पाठीला सॅक, हातात डबा. त्या हसून म्हणाल्या, ‘गुरुजी, मावशी बाई आहेत ना? मग पुरे. स्त्रियांना उत्पन्नाची अटसुद्धा नाही. अर्ज मावशींच्या नावानं करू.’ अक्काने आयुष्यात पहिल्यांदा, बाई असल्याचा एखाद्या कचेरीत फायदा होतो हे पाहिले.

वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘नकार लेखी दिलाय का?’ नव्हता. ‘तोंडी नकार हा नकारच नव्हे. दाखला नाकारायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात. आधी ती मागू. मग त्याविरुद्ध कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील.’ कारणे यायला सात महिने आणि तीन स्मरणपत्रे लागली. आली ती एका ओळीत: सदर विकार यादीत समाविष्ट नाही.

मग त्यांनी ती यादी आणि कायदा, दोन्ही माझ्यापुढे ठेवले. यादी जुनी. मानसिक आजाराचे दिव्यांगत्व मोजण्यासाठी इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २००२ च्या सुमारास एक मोजपट्टी तयार केली, ‘आयडियाज’ नावाची. तिच्या सूचनांत तेव्हा चारच आजार लिहिले होते: स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह विकार आणि स्मृतिभ्रंश. पण २०१६ च्या कायद्याची व्याख्या रोगांची नावे घेतच नाही. विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांत मोठा बिघाड होऊन माणसाची निर्णयबुद्धी, वागणूक, वास्तव ओळखण्याची शक्ती किंवा आयुष्यातल्या साध्या गरजा भागवण्याची कुवत फार खालावली, तर तो मानसिक आजार. मतिमंदत्व तेवढे वेगळे काढले आहे. आणि आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय वर्गीकरणानुसार, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. त्या वर्गीकरणात एफ ६०.३ आहेच.

‘गुरुजी, या व्याख्येतला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द कोणता?’ त्यांनी विचारले. मी दोनदा वाचले. ‘किंवा’! विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय. चौतीस वर्षे मी पोरांकडून ते घोकून घेतले. ‘आणि’ असते तर आमचा दावा बुडाला असता. भाच्याला भ्रम नाही, भास नाहीत, स्मृती तर नको इतकी चांगली आहे. ‘किंवा’ आहे म्हणून नुसती वागणूक आणि साध्या गरजा भागवण्याची कुवत एवढ्यावर उभे राहता येत होते.

‘आता आजाराचं नाव विसरा,’ त्या म्हणाल्या, ‘दिवस लिहा.’

त्या मोजपट्टीत चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणे व समजणे, आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. आजार किती काळ आहे त्याचेही चारपर्यंत. एकूण वीस. सात गुणांपासून ४० टक्के धरतात. शाळेत जास्त गुण मिळावे म्हणून झटतात, इथेही तेच. फक्त अर्थ उलटा. वकीलबाईंनी अक्काला दोनशेपानी वही आणायला सांगितली. तीन महिने रोज लिहायचे. आंघोळ न सांगता केली का? जेवला का? कोणाशी बोलला, किती दिवस टिकले? दार बंद राहिले का? चांगले गेलेले दिवसही तितक्याच इमानाने लिहायचे. मी म्हटले, चांगले दिवस लिहिले तर गुण कमी होतील. त्या म्हणाल्या, ‘पंखा दुरुस्त केला होता ना त्यानं? उद्या पुन्हा करील. तोही दिवस वहीत असला, म्हणजे त्याच्या पुढचे नऊ दिवस कसे गेले हे दाखवता येईल.’

खरी परीक्षा इथून पुढे होती. मुलाचे दोष झाकण्यात अक्काची पंधरा वर्षे गेली होती. शेजारणींना ती सांगे, रात्रपाळी करून आलाय, झोपलाय. फुटलेल्या कपबश्या पहाटे उठून भीमेच्या काठी टाकून येई. तिनेच आता ते सगळे एक एक करून कागदावर उतरवायचे, खाली सही करायची आणि परक्या माणसांपुढे ठेवायचे. पहिले आठ दिवस वही कोरी. नवव्या दिवशी तिने लिहिले: ‘आज चिडला. चूक माझी होती.’ वकीलबाईंनी दुसरे वाक्य खोडले नाही. फक्त विचारले, ‘मावशी, अशी चूक महिन्यातून किती वेळा होते तुमची?’ त्यानंतर अक्का लिहू लागली.

२०१९ ची एक रात्र होती. भाच्याला उचलून दवाखान्यात न्यावे लागले होते आणि पोलिसांच्या धास्तीने अक्काने तिथे वेगळेच कारण सांगितले होते. ती रात्र सांगताना तिचे ओठ थरथरत होते. वकीलबाईंनी समजावले, की २०१८ च्या मे महिन्यात मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमाने अशा प्रसंगी माणूस भयंकर ताणाखाली होता असे गृहीत धरायचे आहे, त्याच्यावर खटला नाही. (पुढे १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानातले ते ३०९ कलमच गेले.) अक्का म्हणाली, ‘म्हणजे मी चार वर्षं उगीच भीत होते?’ आणि रडली, पण निराळी. स्वतःचे वैद्यकीय कागद मागण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. भाच्याच्या सहीच्या अर्जावर जुने केसपेपर मिळाले. या कायद्याच्या मसुद्यावर पुण्याच्याच आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्राने काम केले होते, हे कळल्यावर मला उगाच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. अशी रात्र कोणाच्या घरी आलीच, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर केव्हाही मराठीत बोलता येते. तो क्रमांक अक्काच्या फळीवर, गॅसच्या नंबराच्या वर, मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

निवेदन तयार झाले. टंकलिखित नऊ पाने. वकीलबाई म्हणाल्या, ‘हे दादांनी वाचल्याशिवाय पुढं जाणार नाही. ते सज्ञान आहेत. त्यांच्याबद्दलचा कागद त्यांच्या पाठीमागं द्यायचा नाही.’ माझ्या छातीत धस्स झाले. मधला रंग नसलेला माणूस; आईच्या हातची ही नऊ पाने वाचून काय करील?

दौंडच्या घरी, ओसरीवर, त्याने ती वाचली. पाऊण तास. अक्का आत देवापुढे बसून राहिली. मी समोर खुर्चीत, हातात पेपर, एक अक्षर वाचीत नव्हतो. तो मध्ये दोनदा उठून अंगणात जाऊन आला. मग पेन्सिल मागितली. सहाव्या पानावर ‘अकरा नोकऱ्या’ होते, तिथे त्याने ‘तेरा’ केले. म्हणाला, ‘मामा, दोन आईला सांगितल्या नव्हत्या.’ आणि शेवटच्या पानावर, समासात, बारीक अक्षरात लिहिले: ‘आईचा पाय दुखतो तेव्हा सकाळचा चहा मी करतो. हे राहिले आहे.’ वकीलबाईंनी ते वाक्य निवेदनात घातले.

मधल्या काळात एक विघ्न आले. एका वजनदार नातेवाइकांनी सुचवले, की एवढी यातायात कशाला. कोर्टाकडून त्याला वेडा ठरवून घ्या, पालक नेमा, सगळे कागद पालकाच्या सहीने करा. (घर दौंडच्या बाजारपेठेजवळ आहे, एवढे सांगितले की पुरे.) भाच्याच्या कानांवर ते गेले आणि दार पुन्हा सहा दिवस बंद. वकीलबाई स्वतः येऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि दारालाच कायदा सांगितला: मानसिक आजार आहे म्हणजे माणूस कायद्याने वेडा ठरत नाही; तसे न्यायालयाने वेगळे ठरवावे लागते. दिव्यांगांच्या कायद्याचे तेरावे कलम त्यांना इतरांसारखीच कायदेशीर पात्रता देते. ‘दादा, दाखला म्हणजे तुमची सही काढून घेणं नव्हे. उलट अर्जावर तुमचीच सही लागणार आहे.’ बराच वेळ शांतता. मग आतून आवाज आला, ‘मॅडम, चहा घेणार का?’

अपिलानंतर फेरतपासणीचा हुकूम झाला. २०२४ च्या पावसाळ्यात दुसऱ्या एका मंडळापुढे गेलो. या वेळच्या डॉक्टरबाईंनी नऊ पाने आधी वाचून ठेवली होती. त्यांनी भाच्याला नोकऱ्यांबद्दल विचारले नाही. विचारले, ‘गेल्या वर्षात सगळ्यांत जास्त दिवस टिकलेली मैत्री किती दिवसांची?’ त्याने खाली पाहिले आणि म्हणाला, ‘एकोणचाळीस.’ आकडा त्याला पाठ होता. अक्काची आणि माझी वेगळी मुलाखत झाली. वीसपैकी दहा गुण. दाखल्यावर ५५ टक्के आले आणि पाच वर्षांनी पुन्हा तपासणी, असा शेरा. माणूस सुधारू शकतो असे मानणारा शेरा आहे, म्हणून मला तो वाईट वाटला नाही, अक्काला वाटला. ‘पाच वर्षांनी मी कुठं असणार आहे?’ ती म्हणाली. निवृत्तिवेतनाच्या नियमांतही तेच आहे: विकार कायमचा असेल तर दाखला एकदाच, नसेल तर पाच पाच वर्षांनी.

दाखला घरी आला त्या दिवशी कोणी पेढे वाटले नाहीत. कसे वाटणार? भाच्याने तो दोनदा वाचला, घडी न घालता दाजींच्या जुन्या फाइलीत ठेवला आणि संध्याकाळी मला घेऊन स्टेशनावर गाड्या बघायला गेला.

रेल्वेकडे अर्ज गेला आहे. तिथली वेगळी वैद्यकीय तपासणी झाली. आता नवा कागद मागितला आहे: मुलाच्या उत्पन्नाचा. कारण भाच्याने वर्षभरापासून अंगणात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायला घेतल्या आहेत. कोणाच्या हाताखाली नाही, कोणी हाताखाली नाही. गिऱ्हाइकाने मोटार ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी न्यायची. महिन्याला तीन-चार हजार सुटतात. त्यामुळे हक्क जाईल अशी अक्काला धास्ती. पण २०२१ च्या फेब्रुवारीतल्या आदेशाने अशा अपत्याचे इतर उत्पन्न मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असले म्हणजे भागते. वकीलबाईंनी तो आदेश जोडून उत्तर पाठवले आहे.

त्यासाठी भाच्याने हिशेबाची वही घातली. तारीख, मोटारीचा नंबर, मजुरी. चौथा रकाना त्याने स्वतःच्या मनाने आखला आहे, ‘भांडण’ असा. गेल्या महिन्यात मी पाहिली तेव्हा त्या रकान्यात अकरा वेळा ‘नाही’ आणि एकदा ‘थोडे’ असे लिहिले होते.